वाटणीपत्रातलं शेवटचं कलम

वाटणीचा कागद करायला भाऊभाऊ आले की आधी विहिरीच्या पाण्यावरून भांडतात. मग बांधावरचा आंबा, बैलजोडी, वाड्यातली रस्त्याकडची खोली, कडब्याची गंजी. एकेक करत हे मिटतं. तोवर दुपार टळलेली असते, चहा दोनदा येऊन गेलेला असतो, आणि मग त्यातला एक जण जमिनीकडं बघत विचारतो, "अन् मायबापाचं कसं करायचं?" हे कलम नेहमी शेवटी येतं. माझे वडील निजामाच्या राज्यापासून पैठणच्या तहसीलपुढं बसून लोकांचे कागद लिहायचे. त्यांच्यामागं मी तिथंच बसलो. दोघांच्या हातून गेलेल्या कागदांत या कलमाची जागा कधी बदलली नाही.

आम्ही पाचोडचे. गल्हाटी नदीच्या काठचं, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या संभाजीनगरहून, बीडला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. वडिलांना गावात अर्जनवीस म्हणत. सरकारदरबारी उर्दू चाले म्हणून ते उर्दू शिकले. घरातल्या याद्या आणि सावकाराच्या चिठ्ठ्या मोडीत लिहायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि कचेऱ्यांची भाषा हळूहळू पालटली. पस्तिशीच्या आतल्या त्या माणसाला देवनागरीत अर्ज लिहायला नव्यानं हात वळवावा लागला. दरखास्त, तामील, फैसला हे शब्द त्यांच्या मराठीतून शेवटपर्यंत गेले नाहीत. १९५४ च्या खासरा पाहणीत कुणाचं नाव कुठल्या जमिनीला लागलं हे त्यांना तोंडपाठ असे, आणि त्यावर आमचं घर बऱ्यापैकी चालायचं.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वाटण्यांच्या नकला आहेत. निवांत असलो की मी त्या काढून वाचतो. म्हाताऱ्यांचं कलम लांबलचक असायचं. दरसाल ज्वारी किती मण, बाजरी किती, तूर किती पायल्या. दुभती म्हैस असेल तर सकाळचं दूध कुणाकडून, संध्याकाळचं कुणाकडून. माईला वर्षाला दोन लुगडी, बापाला धोतरजोडी, दोन-तीन वर्षांनी घोंगडी. जळण कोण टाकणार. दवापाणी कोण करणार. पैठणला नाथषष्ठीला आणि जमलं तर पंढरीला कुणाच्या गाडीनं न्यायचं. सरतेशेवटी मयतीचा आणि तेराव्याचा खर्च. एका कागदात तर तंबाखूसुद्धा आहे, कुणाच्या दुकानातून आणायची तेही लिहून. त्या म्हाताऱ्याला पोरांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

सत्कार-समारंभांत वक्ते सांगतात की पूर्वी आईबापाला कुणी अंतर देत नव्हतं, वृद्धाश्रम हे शहरी फॅड आलं आणि श्रावणबाळाचा देश बिघडला. मी खाली बसून ऐकतो आणि मला ती पेटी आठवते. नुसत्या मायेवर सगळं चालत होतं तर दूध सकाळचं की संध्याकाळचं हे पंचांच्या सह्यांनिशी लिहायची वेळ का यावी? माया असायची, खोटं कशाला बोलू. पण कागद तिच्या भरवशावर केला जात नव्हता. कागदाचा भरवसा जमिनीवर होता. वाटणी करताना शहाणा बाप सगळं वाटून टाकत नसे. चार-सहा एकराचा एक तुकडा स्वतःच्या नावावर ठेवी. जो सांभाळील तो तो तुकडा कसायचा, आणि पुष्कळदा म्हातारा-म्हातारी गेल्यावर त्यालाच तो मिळायचा. मूलबाळ नसेल तर पुतण्याला दत्तक घ्यायचं किंवा भाच्याला आणून घरी ठेवायचं, तेही याच हिशेबानं. आज मोठ्या शहरांत लोक फ्लॅट विकून ते पैसे केअर सेंटरला भरतात. आमच्याकडं जमिनीच्या तुकड्यावर सांभाळ मिळवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

दुसरी रीत पाळीची. तीन भाऊ असतील तर माय महिनाभर थोरल्याकडं, महिनाभर मधल्याकडं, महिनाभर धाकट्याकडं. अमावास्येला गाठोडं उचलायचं आणि पलीकडच्या दारात जायचं. काही घरांत आणखी कठोर वाटणी व्हायची. बाप एकाकडं, माय दुसऱ्याकडं, मधे एक भिंत आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारा खोकला. पाळीतली सगळ्यात मोठी भांडणं मी अधिक महिन्यावरून पाहिली. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो, आणि ज्याच्या पाळीत येईल तो म्हणतो, हा महिना माझ्या खात्यात धरू नका. वडिलांनी यावर तोडगा काढला होता. अधिक महिना आला तर त्याचे पंधरा-पंधरा दिवस दोघांनी वाटून घ्यावेत असं ते कागदातच लिहून टाकत. तिसऱ्या भावाला सूट का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "त्याच्या वाट्याला तेरावा हाय."

या सगळ्या कागदांवर सह्या-अंगठे बाप्यांचे. भाकरी थापणारी, अंथरुण धुणारी, रात्री उठून पाणी देणारी सून कागदात कुठंच नाही. मणभर ज्वारी मुलानं द्यायची, पण तिची भाकरी करून दात नसलेल्या सासऱ्यापुढं दुधात कुस्करून कोण ठेवणार, हे लिहायची गरज कुणाला वाटली नाही. ते धरूनच चाललेलं होतं. जुनी व्यवस्था जमीन आणि सून या दोन खांबांवर उभी होती आणि त्यातल्या एकाच खांबाची नोंद सातबाऱ्यावर होती.

दोन्ही खांब ज्यांना नव्हते त्यांचं काय होई? पैठणला नाथांच्या वाड्यात, घाटाच्या पायऱ्यांवर, मठांच्या ओसरीत अशी माणसं मी लहानपणापासून पाहिली. दक्षिण काशी म्हणून कुणी पुण्य गाठायला आलेलं, कुणी नुसतं दोन वेळच्या अन्नाला. खुलताबादच्या दर्ग्यांतही तसंच. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकातच निराधार, पंगू लोकांसाठी आश्रम निघाला होता, आजही तो 'निवारा' या नावानं चालतो. पण ते इंग्रजी मुलखात. निजामाच्या मुलखातल्या आमच्या खेड्यांना देऊळ, दर्गा आणि नातलगांची ओसरी एवढंच माहीत.

आमच्या ओसरीवर आत्या होती. वडिलांची धाकटी बहीण. बालपणी लग्न झालं, वयात येते न येते तोच कपाळ पांढरं झालं, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. हिंदू वारसा कायदा आला १९५६ ला. तिचा नवरा त्याच्या आधीच गेलेला. नंतर कुणी म्हणालं असतं तर कोर्टात काही करता आलं असतं की नाही, हा वकिलांचा वाद. प्रत्यक्षात तिचं नाव ना सासरच्या जमिनीला लागलं ना माहेरच्या. तिनं आम्हा भावंडांना वाढवलं, शेणकूर केलं, मोसंबीची खुरपणी केली, आईच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं केलं. आमच्या घरातली सून तीच होती म्हणा ना. फरक इतकाच की सुनेला निदान मुलगा असतो.

गेल्या पन्नास वर्षांत दोन्ही खांब हलले, ते कसे हे मला कागदांवरून कळत गेलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या लोकांनी जमिनी गहाण टाकल्या. १९७६ ला जायकवाडीचं उद्घाटन झालं. धरणाच्या पोटात गावं गेली, त्यांच्या मोबदल्याचे अर्ज वडिलांनी वर्षानुवर्षं लिहिले. विहिरींच्या आधारानं पाचोड भागात मोसंबीच्या बागा वाढल्या, गावात मोसंबीचा बाजार उभा राहिला. बागेनं पैसा दिला आणि वाटण्याही वाढवल्या, कारण बागायती गुंठ्यासाठीही भाऊ भांडतो. महाराष्ट्रात १९७०-७१ ला एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. सव्वातीन एकरांतून बापानं स्वतःसाठी किती वेगळं ठेवायचं? मी लिहितो त्या वाटण्यांत आता म्हाताऱ्याचा वेगळा तुकडा क्वचित दिसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा वाळल्या तेव्हा कित्येकांनी सरपण म्हणून झाडं तोडून विकली. ज्या बागेवर सांभाळ ठरला होता ती बागच गेली.

तोवर पोरं शहराजवळच्या वाळूजला गेली होती. बजाजचा कारखाना तिथं १९८५ ला सुरू झाला, मागून शेकडो लहान कारखाने आले. पोरगा बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहतो, सून शिवणकामाला, पॅकिंगला किंवा अंगणवाडीत. आईला तिथं न्यावं तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली ओळखीचं कुणी नाही. गावात ठेवावं तर भाकरीला कुणी नाही.

याच काळात माणसं जास्त जगू लागली, हे आपण धड लक्षातच घेत नाही. १९७०-७५ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आत होतं, आता ते सत्तरीच्या आसपास आहे. पाचोडला तर आरोग्याचं मोठं काम झालं. डॉ. अशोक दयालचंद यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथं काम उभारलं. आशिष ग्रामरचना ट्रस्ट आणि तिची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या नावांनी ते देशभर माहीत झालं. गावोगावच्या दायांना, बायकांना शिकवून तयार केलं. पुढं किशोरवयीन मुलींचे वर्ग घेतले, मुलींची लग्नं लवकर होऊ नयेत म्हणून खटपट केली. तेव्हा गरज बाळ-बाळंतिणीची होती. त्या वेळी वाचलेल्या बाळंतिणी आज साठी-सत्तरीच्या पुढं आहेत, आणि उशिरा लग्न होऊन शिकलेल्या मुली कुणाच्या तरी सुना होऊन नोकरीला जातात. मला हे दोन्ही चांगलंच वाटतं. पण पूर्वीच्या कागदातलं कलम दोन-चार वर्षांच्या म्हातारपणासाठी लिहिलेलं होतं. वीस वर्षं पाळी फिरवायची, त्यातली शेवटची पाच अंथरुणात, असा विचार ते लिहिताना कुणी केला नव्हता.

सरकारनं काय केलं तेही माझ्या हातून गेलं, कारण अर्ज मीच लिहायचो. १९८० ला मुख्यमंत्री अंतुल्यांच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार योजना आली, मागून श्रावणबाळ. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा, मुलगा वेगळा राहतो याचं शपथपत्र. त्या शपथपत्रासाठी आलेली माणसं मला आठवतात. मुलगा शेजारीच उभा राहून सांगायचा, "लिहा काका, आई येगळी ऱ्हाती." महिन्याची रक्कम वाढत वाढत २०२३ ला १५०० रुपये झाली. औषधाला पुरते, माणूस ठेवायला नाही.

कोर्टाचा रस्ताही होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नं आईबापाला पोटगी मागता येऊ लागली. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी असाच अर्ज केला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ ला निकाल लागला की लग्न झालेल्या मुलीवरही बापाला पोसायची जबाबदारी येते. आमच्याकडं या निकालाची लोकांना गंमत वाटली. कारण जबाबदारी आली तरी हक्काचं काय? १९९४ ला महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला, २००५ ला देशानं दिला. त्यानंतर माझ्याकडं हक्कसोडपत्रांची रांग लागली. बहिणीला साडीचोळी करायची, गाडीत बसवून पैठणला आणायची, सही घ्यायची आणि रसवंतीवर रस पाजून परत पाठवायची. आमच्या बहिणीनंही सही केली. मजकूर वडिलांनी सांगितला, मी लिहिला. आणि पुढं वडील दोन वर्षं आजारी होते तेव्हा महिन्यातून आठवडाभर येऊन त्यांना अंघोळ घालणारी तीच होती. अशी घरं मी मोजायला बसलो तर पैठण तालुक्यात पुष्कळ निघतील.

मग २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. प्रांताकडं साध्या कागदावर अर्ज, वकील लागत नाही, नव्वद दिवसांत निकाल, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह रक्कम. महाराष्ट्राचे नियम २०१० ला झाले. वकील नाही म्हणजे अर्ज लिहिणारा लागतोच, त्यामुळं हे काम माझ्याकडं आलं. या कायद्यातलं कलम २३ वाचलं तेव्हा मला पेटीतले कागद आठवले. म्हाताऱ्यानं सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं फसवणुकीनं झालं असं धरून रद्द करता येतं. खासरा पाहणीच्या काळातले पंच हेच म्हणत होते.

पण अट लिहिलेली पाहिजे. २०१५ ला महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडांना शेती किंवा राहतं घर बक्षीस द्यायचं मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आलं. स्वस्त झालं म्हणून लोकांनी जिवंतपणीच धडाधड बक्षीसपत्रं केली, आणि त्यात जुनं कलम कुणी घालत नव्हतं. कॉम्प्युटरवर तयार नमुना, त्यात 'नैसर्गिक प्रेमापोटी' एवढं छापलेलं. मी म्हणायचो, आबा, सांभाळाची एक ओळ घालू. मुलगा रागानं बघायचा, म्हातारा संकोचायचा. "नको रे, पोराला काय वाटंल." डिसेंबर २०२२ ला हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अट सिद्ध झाल्याशिवाय कलम २३ लागत नाही. जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं जरा मोकळ्या हातानं कायदा वाचला. बक्षीसपत्राबरोबर मुलानं सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर दिलं होतं, ते धरून आईला घर परत दिलं. एका ओळीसाठी दोन्ही घरांना दिल्लीपर्यंत जावं लागलं. वडिलांनी ती ओळ रीळभर लांब लिहिली असती, तंबाखूसकट.

आत्याला मात्र हा कायदाही लागत नाही. मी तो नीट वाचला आहे. मूल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला नातलगाकडून निर्वाह मागता येतो, पण कुठल्या नातलगाकडून? ज्याच्या ताब्यात त्या माणसाची मिळकत आहे किंवा ज्याला ती वारसानं मिळणार आहे, त्याच्याकडून. जिची मिळकतच नाही तिला कायद्यानं नातलगच नाही. पंचांच्या कागदात तिची जागा नव्हती, संसदेच्या कायद्यातही नाही. दोन्हींचा पाया एकच, जमीन.

गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, घाटीत, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण ती आता दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही आणि संध्याकाळी तिला सासर-माहेर कळेनासं होतं. मी सत्तरीला टेकलो. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा-सून वाळूजला. दोन चुलतभाऊ आहेत, ते म्हणाले, दादा, पैसे घालू, पण घरी जमणार नाही. त्यांचं खरं होतं. मग आम्ही नवरा-बायको आश्रम बघत फिरलो.

पैठणहून संभाजीनगरला जाताना बिडकीन, चितेगाव सोडून शहर जवळ आलं की मातोश्री वृद्धाश्रमाची पाटी लागते. १९९५ ला राज्य सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यात संस्थांमार्फत काढलेल्या आश्रमांपैकी हा. निम्म्या जागा फुकट, निम्म्या पैसे भरून, अशी ती योजना. मी एसटीतून ती पाटी तीस वर्षं पाहत आलो. अशा आश्रमांची घडण हिंडत्या-फिरत्या म्हाताऱ्यांसाठी. भजन, बाग, वर्तमानपत्र, पंगत. आत्यासारख्यांसाठी शहरात अलीकडं वेगळी खासगी केंद्रं निघाली आहेत, बंगल्यात खाटा टाकून, महिन्याला वीस-पंचवीस हजार घेऊन. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा पक्का कायदा अजून नाही. २०१९ ला अशा केंद्रांच्या नोंदणीची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, ते मंजूर झालंच नाही. म्हणजे इथंही लिहिलेला कागद हाच काय तो आधार.

म्हणून मी जाईन तिथं आधी करार मागितला. मॅनेजर खोल्या दाखवायला उठायचा, मी म्हणायचो, खोल्या बाई बघतील, तुम्ही फॉर्म द्या. एका ठिकाणी कलम होतं की रुग्ण अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी चोवीस तासांत घेऊन जावं. मग आम्ही आलो कशाला? दुसऱ्या ठिकाणी अनामत रक्कम कुठल्याही कारणानं परत मिळणार नव्हती, चार दिवसांत माणूस गेला तरी. तिसरीकडं दवाखान्यात न्यायचा निर्णय संस्थेचा, बिल आमचं, आणि कुठला दवाखाना ते मोकळं सोडलेलं. मयत झाल्यास काय करायचं याची ओळ प्रत्येक फॉर्ममध्ये होती, नातेवाईक अमुक तासांत न आल्यास संस्था अंत्यविधी उरकेल. तेराव्याचं कुठंच नाही. वडिलांना हे फॉर्म फार अपुरे वाटले असते.

बायको करार वाचत नाही. ती सरळ आत जाऊन सगळ्यात आजारी दिसणाऱ्या बाईच्या खाटेवर बसायची. पायावरचं पांघरूण वर करून टाचा बघायची, मग नखं, मग कुशीवर वळवून पाठ. जिच्या टाचा लाल झाल्यात आणि नखं वाढलीत तिला कुणी उलटवत-पालटवत नाही, एवढं साधं. भेटीला सकाळी अकराला जाऊ नकोस, असं तिनंच मला सांगितलं. तेव्हा फरशी नुकती पुसलेली असते. दुपारी चारला जायचं, वास तेव्हा कळतो. आणि रात्री किती बायका असतात हे मॅनेजरला विचारायचं नाही, तिथल्या स्वयंपाकिणीला विचारायचं. फोटो, पाट्या, संस्थापकांचे सत्कार, नेत्यांबरोबरच्या तसबिरी यांकडं ती ढुंकूनही बघत नव्हती. मी बघायचो. जितक्या तसबिरी जास्त तितका फॉर्म आखूड, असं मला आढळलं.

शेवटी जी जागा ठरली ती दिसायला बेताची आहे. पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंट, दहा-बारा खाटा. पण टाचा चांगल्या होत्या आणि रात्रीच्या दोन बायका जवळच्याच वस्तीतल्या. दवाखान्याच्या कलमात मी हातानं लिहून घेतलं की आधी फोन आणि पहिल्यांदा घाटी. अनामत परत देण्याचं कलमही दुरुस्त केलं. मालकबाई म्हणाल्या, "काका, असं कुणी लिहून मागत नाही हो." मी म्हणालो, आमच्याकडं तंबाखूसुद्धा लिहून घेतात. त्यांना ते कळलं नाही, पण सही केली.

पैशाचं आम्ही तिघा भावांनी वेगळं लिहिलं. पाळी आहेच, ती इंग्रजी महिन्यांवर लावली. अधिक महिन्याचा वाद नको.

आत्याला आधी सांगायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. मी सांगितलं. सकाळी सांगितलं, तेव्हा ती शुद्धीत असते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तितं ज्वारीची भाकर देत्यात का गव्हाची पोळी?" ज्वारीची, मी म्हणालो, बघून आलोय. मग रडली. मग म्हणाली, "तुजी बायको उटती का आता मला उचलाया? न्हाई उटत. मग काय करतो तू तरी." तिनं मला माफ केलं असं मी म्हणत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना उचलणारी बाई ती, उचलायला काय लागतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

फॉर्मवर शेवटी 'जबाबदार नातेवाईक' अशी ओळ होती. साक्षरतेच्या वर्गात आत्या नव्वदच्या दशकात सही शिकली, तिनं अंगठा द्यायला नकार दिला आणि थरथरत नाव काढलं. मी खालच्या ओळीत माझं नाव घालायला पेन टेकवलं तर ती म्हणाली, "तुजं नगं. बहिणीचं लिव. ती येती." मालकबाईंना त्यासाठी बहिणीचं आधार कार्ड हवं होतं. बहीण तिच्या सासरी, विहामांडव्याला. तिला फोन केला, तिच्या नातवानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तो प्रिंट करायला शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तोवर दुकानदार जेवायला गेला होता, म्हणून तासभर थांबलो आणि मगच फॉर्म जमा केला.